बोटभर आखूड पट्टी

धूळ रोज पुसतो, तरी साचते. किस्सेबी तसेच, पण ते पुसता येत नाय. मुरबाडच्या बाजूला एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबला मी शिपाई होतो, नव्वदनंतरची बरीच वर्षं. शिक्षण सातवी, डोकं गरम. पोरं मामा म्हणायची आणि लांब उभी राहायची. आता दमलो. पण विचारताय तर ऐका.

*

आमच्याकडं प्रयोग म्हणजे कपाटातलं जुनं जर्नल. "मामा, मागच्या वर्षीचं द्या ना!" मी द्यायचो. एकदा एकानं पानावर चहा सांडला, एक आकडा डागाखाली गेला. पुढं तीन वर्षं कोणाच्याच जर्नलात तो आकडा नाय! सरांच्या सह्या मात्र सगळ्यांवर.

*

एकदा परीक्षेला बाहेरचे सर आलेले. सकाळपासून लाईट नाय, आणि पोरांची दिव्यावरची रीडिंगं तयार! सरांनी विचारलं, "दिवा लागला कधी?"

एक शहाणा बोलला, "मागच्या वर्षी, सर."

*

मग आली किन्हवलीची उज्ज्वला. जर्नल दिलं तर घेईना. "मी मोजते, मामा."

दोऱ्याला गोळा टांगायचा, दोरा पट्टीनं मोजायचा, झोके मोजायचे, त्यावरनं पृथ्वीची ओढ काढायची. सगळ्यांचं उत्तर नऊशे ऐंशी. हिचं हजार! सरांनी लाल पेनानं काट मारली. हिनं परत केलं. परत हजार. पाच वाजून गेले, मी वराडलो, "नऊशे ऐंशी लिही गो बाय, नि जा घरी! एसटी जाईल तुझी!"

"आलं नाय ते कसं लिहू?"

दुसऱ्या दिवशी आईचा शिवणाचा टेप घेऊन आली. पट्टीला लावला. पट्टी बोटभर आखूड!

मी पट्टी हातात घेतली. मग बोललो, "शून्याकडचं टोक वाळवीनं खाल्लेलं. मीच करवतीनं कापलं, सात वर्षं झाली."

सात वर्षं! आणि त्याच पट्टीवर सगळ्यांचं उत्तर बरोबर!

*

तिला मोठ्या संस्थेत पुढचं फिजिक्स शिकायचं होतं. "औंदा नाय झालं तर बाबा आसनगावला कंपनीत लावतील, पॅकिंगला."

फॉर्मात स्वतः केलेला प्रयोग लिहायचा होता, तिनं पट्टीचंच लिहिलं. वर तीन पत्रं पायजेत, ओळखीच्या माणसांची. आमच्या सरांकडं झेरॉक्स काढूनच ठेवलेलं, नुसतं नाव भरायचं. 'होतकरू व आज्ञाधारक.'

"आज्ञाधारक? ही?" मी बोललो.

गणिताच्या सरांनीबी तसलंच दिलं. तिसऱ्यासाठी ती माझ्यासमोर उभी.

"डोकं फिरलंय काय तुझं? मी झाडू मारणारा माणूस!"

"काम करताना मला बघितलंय कोणी? तुमीच ना?"

भांडायचा कंटाळा आला. लिहिलं, 'ही पोरगी न आलेला आकडा लिहीत नाय. मी वराडलो तरी लिहिला नाय. खोटं वाटलं तर मला येऊन विचारा.' खाली सही, हुद्दा शिपाई.

सर तिला बोलले, "फॉर्म फुकट घालवलास."

*

मुलाखतीचं बोलावणं आलं. महिन्याभरानं एक दिवस ती पेढे घेऊन सरळ लॅबमध्ये, सरांच्या आधी माझ्याकडं.

"काय विचारलं गो त्यांनी?"

"अर्धा तास पट्टीच, मामा. सगळं सांगितलं. शेवटी त्यांच्यातले म्हातारे सर बोलले, 'ते समजलं. पण कापली कोणी?'"

"मग?"

"मी बोलले, 'तिसरं पत्र ज्यांचं आहे, त्यांनीच.'"