उभा शेंडा

माझी धाकटी बहीण दक्षिणेतल्या डोंगरात झाडांवर संशोधन करते. एका वर्षी भीमजयंतीला घरी आली ती दोन कुंड्या घेऊन. देवदाराच्या नात्यातलं झाड, पण पानं रुंद आणि तुकतुकीत. या जातीत नर-मादीची झाडं वेगळी असतात; ती काम करते त्या खोऱ्यात मादीचं असं एकच झाड उरलं होतं. त्याच्याच उभ्या कोंबांपासून तिनं ही रोपं केली होती.

"सगळी एका जागी ठेवायची न्हाईत, ताई. तिकडं रोग आला तर सगळीच जातील."

आमच्या गावात, कुरुंद्यात, आमची हळदीची शेती. मे महिन्यात इथलं ऊन माणसाला सोसत नाही, तिथं हे थंड डोंगरातलं झाड. पहिल्याच उन्हाळ्यात एक रोप वाळलं. दुसरं मी विहिरीजवळ आंब्याखाली हलवलं. आखाडा बाळापूरचे एक चाचा कूलर बनवतात. त्यांनी जुन्या सांगाड्याला गवताच्या जाळ्या लावून रोपाभोवती आडोसा करून दिला. रोज दुपारी मी त्या जाळ्या भिजवायचे. नवरा म्हणायचा, "फळ न्हाई, फूल न्हाई, काहून एवढी तकलीफ?" पण मी गावाला गेले की तोच पाणी मारायचा.

झाड फार हळू वाढलं. कमरेएवढं व्हायला कितीतरी वर्षं गेली. मग एका पावसाळ्यात बहिणीचा फोन आला. दरड कोसळून डोंगरातलं ते झाड गेलं होतं. तिच्याकडच्या रोपांची मुळं आधीच कुजली होती.

"आता तुझंच राहिलं," ती म्हणाली.

ती आली. कलमांसाठी तिला झाडाचा उभा शेंडा हवा होता.

"बाजूच्या फांदीचं कलम आडवंच वाढतं, ताई. सरळ झाड होत न्हाई."

"अन् शेंडा कापल्यावर हेच मेलं तर?"

"मरू शकतं."

एवढ्या वर्षांत मी त्याचं एक पान तोडलं नव्हतं. तरी कात्री मीच मागून घेतली. नवऱ्यानं खोड धरलं.

शेंड्याचे तुकडे करून वाळूत लावले, वरून प्लॅस्टिक झाकलं. बरेचसे काळे पडले. हळद काढायच्या दिवसांत दोन तुकड्यांना मुळं फुटलेली दिसली. बहीण ती रोपं मांडीवर घेऊन रेल्वेनं गेली. त्यातलं एक आता त्याच खोऱ्यात, नराच्या झाडाजवळ लावलंय. त्याला बी धरेल तेव्हा आम्ही असू की नाही, माहीत नाही.

आमच्या झाडाला कापल्या जागेखालून दोन नवे शेंडे आलेत. त्यातला सरळ वाढणारा पुढं पुन्हा कापावा लागेल, असं बहीण म्हणते. नवऱ्यानं वाळू आणून ठेवलीय.