पाण्यातली मोटर

ओल्या काथ्याचा कुबट वास आला, की पवना धरणाकाठची ती रखरखीत दुपार मला पुन्हा छातीभर पाण्यात उभी करते. टोमॅटोची रोपे दोन दिवसांपासून माना टाकून होती, आणि बंद पडलेली पाणबुडी मोटर दुरुस्तीसाठी काठावर आणायला घरी सासूबाई आणि मी, एवढ्या दोघीच होतो. मी दोर धरून मोटर खांद्याकडे उचलायची. पाण्याबाहेर येताच ती शिळेसारखी जड व्हायची आणि जुन्या काथ्याच्या दोराचा एकेक पेड तुटायचा. "अगं, वर नगं घिऊ, पान्यातनंच वढ!" सासूबाई काठावरून ओरडल्या. "उचलल्याशिवाय काठाला येईल कशी, आत्याबाई?" मी करवादले. "शाळंत काय शिकिवतीस गं पोरांना?" आठवीच्या वर्गाला प्लावक बल शिकवणारी मी रागाने अधिकच जोर लावत राहिले. अखेर एकच पेड उरला. तो तुटता, तर मोटर मागच्या खोल पाण्यात कायमची गेली असती. आजही माझाच मला वैताग येतो, कारण ज्या एका शब्दासरशी माझे हात खाली गेले, मोटर पाण्यात पुन्हा हलकी झाली आणि तशीच सरकत काठाला लागली, तो सासूबाईंनी माझ्यावर खेकसून उच्चारला होता : "बुडव!"