पायाखालून वर येणारं पेडल

राजाभाऊच्या गाडीची क्लचप्लेट मी जाळली आणि दोष ड्रायव्हरच्या माथी मारला. तोही तोंडी नाही, लेटरहेडवर. खाली सही, शिक्का, सगळं.

हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, "बिचारा, काय अनुभव आला याला!" आणि ते मला पेलवणार नाही. असल्या सदरांत लोक चिंचेखालची बाई, बंद खोलीतले आवाज वगैरे लिहितात. मी ते चहाबरोबर मोठ्याने वाचून बायकोला हसवणाऱ्यांतला. सातपूरला माझं क्लचप्लेट रिलायनिंगचं छोटं वर्कशॉप आहे. ट्रॅक्टर, टेम्पो, ट्रक... झिजलेल्या प्लेटला नवं अस्तर चढवून द्यायचं. इतकी वर्षं हेच केल्यामुळे लोक मला 'क्लचचा डॉक्टर' म्हणायचे. म्हणजे, सुरुवात मीच केली होती, पण नंतर लोकही म्हणायला लागले.

गोष्ट २००६-०७ च्या सुमाराची. राजाभाऊ माझा शाळेपासूनचा मित्र. दिंडोरीकडे त्याच्या द्राक्षबागा. त्या वर्षी माल परदेशी चांगला गेला आणि याने मुंबईहून एक सेकंडहँड इम्पोर्टेड स्पोर्ट्स कार आणली. लालभडक, दोनच सीटची आणि इतकी बुटकी, की गतिरोधकाच्या दोन्ही बाजूंना फळ्या टाकल्याशिवाय पलीकडे जायची नाही. गावातल्या एका म्हाताऱ्याने तिला वाकून पाहिलं आणि विचारलं, "चारी टायर एकदम बसले का रं हिचे?"

या गाडीला क्लचचं पेडल नव्हतं. पण ती ऑटोमॅटिकही नव्हती – आणि माझी सगळी फजिती या 'पण'मध्येच आहे. आत गिअरबॉक्स साधाच, क्लचप्लेटही साधीच. फक्त क्लच दाबायचं काम पायाऐवजी एक पंप करायचा. स्टिअरिंगच्या मागे दोन पट्ट्या होत्या. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. मी चालवली की दर गिअरला अशी मान पुढे जायची, की बघणाऱ्याला वाटावं, हा रस्त्यातल्या प्रत्येक झाडाला नमस्कार करत चाललाय.

राजाभाऊचा ड्रायव्हर सुदाम मात्र तिला अशी न्यायचा, की गिअर कधी पडला ते कळायचं नाही. माणूस सिन्नरचा, आधी वडापच्या, म्हणजे सीटवर पाशिंजर भरून नेणाऱ्या जीपवर होता. शिक्षण सातवी. मी विचारलं तर म्हणाला, "शेठ, पट्टी वढायच्या आधी ॲक्सिलेटरवरचा पाय एवढा उचलायचा." आणि अंगठ्याचं नख दाखवलं. "नखभर. गिअर पडला की मंग परत द्यायचा. तुम्ही दाबून धरता, म्हणून ती झटका देती."

क्लचच्या डॉक्टरला सातवी पास माणसाने क्लच शिकवायचा? मी हसून सोडून दिलं.

आमच्याकडे नवी गाडी आधी वणीच्या गडावर जाते, मग बाकी सगळीकडे. मे महिन्यातला रविवार होता. राजाभाऊ, वहिनी आणि मुलं जीपने पुढे, मागून लाल गाडीत मी आणि सुदाम. पायथ्याशी, नांदुरीला मी म्हटलं, "घाट मी चढवतो. आण चावी."

"शेठ, गर्दी हाय वर. ऱ्हाऊ द्या ना."

"अरे, जन्म गेला माझा क्लचमध्ये!"

त्याने चावी दिली. नोकर माणूस, काय करणार?

मधल्या एका वळणावर बस बंद पडली होती. खाली गाड्यांची रांग. फूटभर पुढे, थांब... फूटभर पुढे, थांब. आणि मी काय करत होतो? चढावर गाडी मागे सरकू नये म्हणून तिला ॲक्सिलरेटरवर धरून ठेवत होतो. ब्रेकवर नाही! म्हणजे आतली प्लेट सारखी घासत राहणार, तापणार, जळणार. हे मी गिऱ्हाइकांना बोट नाचवून सांगतो. ट्रकवाल्यांना यावरून शिव्या घातल्यात मी.

"शेठ, पाय काढा. बिरेकवर धरा."

"कळतं मला."

"वास येतोय, शेठ."

"तो पुढच्या बसचा आहे."

तो पुढच्या बसचा नव्हता. काही मिनिटांत मागून पांढरा धूर, समोर लाल दिवा, आणि गाडी ढिम्म. मी उतरलो आणि सुदामला म्हटलं, "तू बस, मी ढकलतो, बाजूला घेऊ." तो स्टिअरिंगवर बसला, आणि नेमका तेव्हाच वरून राजाभाऊ धावत खाली आला.

"काय केलंस रे सुदाम?"

सुदामने माझ्याकडे पाहिलं. मी दरीकडे पाहिलं.

एवढंच. खोटं एक अक्षर बोललो नाही मी. नंतर राजाभाऊने विचारलं, "प्लेट जुनी होती का? मुंबईवाल्याला जाब विचारतो. तू लिहून दे." मी लिहून दिलं – 'चढावर ॲक्सिलरेटरवर धरून ठेवल्याने प्लेट जळाली. चालकाची चूक.' शब्द न् शब्द खरा. फक्त चालक कोण, ते लिहायचं राहिलं.

सुदामला काढलं. आमच्या भागात बातमी पसरायला पेपर लागत नाही. 'लाखोंची गाडी जाळणारा' म्हणून कोणी त्याच्या हातात ट्रॅक्टरसुद्धा देईना. कायमचं काम कुठेच नाही. बिचारा सिन्नरला परत गेला आणि दुसऱ्याच्या जीपवर बदली ड्रायव्हर म्हणून बसायला लागला. त्याने माझं नाव कोणाकडे घेतलं नाही. कदाचित घेतलंही असेल... पण डॉक्टरपुढे त्याचं कोण ऐकणार?

परदेशातून प्लेट यायला आणि मुंबईची माणसं येऊन ती बसवायला दिवाळी उजाडली. वहिनींच्या मनाला एकच टोचणी – गाडी अजून देवीला दाखवलेली नाही. भाऊबीज झाल्यावर गडावर जायचं ठरलं. राजाभाऊचं पोट त्या सीटमध्ये धड मावत नसे, त्यामुळे तो जीपमध्ये. लाल गाडीत माझ्या शेजारी वहिनी.

सकाळचे अकरा वाजले होते. लख्ख ऊन. मी ठणठणीत, नीट झोपलेला, चहाशिवाय काही न घेतलेला. हे मुद्दाम लिहितोय.

दिंडोरी सोडली, दुसरा गिअर टाकायला मी पट्टी ओढली. सवयीप्रमाणे ॲक्सिलरेटरवर पाय दाबलेलाच. आणि पेडल वर आलं.

माझा पाय घेऊन वर आलं. नखभर. गिअर असा पडला की कळलंसुद्धा नाही, आणि पेडल पुन्हा खाली गेलं.

मला वाटलं, चुकून मीच पाय उचलला असेल. तिसऱ्या गिअरला मुद्दाम जोर दिला. पुन्हा तेच. चौथ्याला तर मी जवळजवळ पेडलवर उभाच राहिलो... खालून पाय हळूच उचलला गेला. झटका नाही, घाई नाही. आणि आता जे लिहितोय ते लिहायला मला आजही नको वाटतं. बुटाखाली पेडलचा कडक पत्रा लागत नव्हता. काहीतरी मऊ लागत होतं, आणि त्या मऊमध्ये हाडं होती. दुसऱ्याच्या पायावर चुकून पाय पडला की लागतात तशी.

वहिनी खूश होऊन म्हणाल्या, "अहो भावजी, शिकलात की! अगदी सुदाम चालवायचा तशी चाललीय."



नांदुरीच्या पुढे पुन्हा तीच गर्दी, सुट्टीच होती ना. एका चढावर रांग थांबली. मी घाबरलेला, आणि घाबरलेला माणूस जुनीच चूक करतो. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबायला गेलो. पेडल हललंच नाही. दगड! गाडी मागे सरकायला लागली, मागे एसटी, तिचा हॉर्न, वहिनी ओरडल्या, "भावजी, ब्रेक!" मी ब्रेक मारला. थांबली.

मग पुढे पूर्ण गाडीभर जागा झाली, तेव्हा पेडल आपोआप मऊ झालं. जागा होईपर्यंत घट्ट, जागा झाली की मऊ. अख्खा घाट कोणीतरी मला असा हाताला धरून, म्हणजे पायाला धरून, चढवला. ना वास, ना धूर.

वर पोचल्यावर लिंबू, नारळ, हार, सगळं झालं. राजाभाऊ माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "याला म्हणतात डॉक्टर! तो सुदाम म्हणजे..."

तिथे मला राहवलं नाही. नारळाच्या दुकानासमोर, वहिनींच्या देखत सगळं सांगून टाकलं. मे महिन्यात कोण चालवत होतं, कोणी ऐकलं नाही, तो कागद मी कसा लिहिला. राजाभाऊ ओरडला असता तर बरं झालं असतं. तो शांतपणे म्हणाला, "विन्या, उद्या सिन्नरला जायचं. मी येणार नाही. एकटा जा. आणि एसटीने जा."

त्या पेडलचं काय, असं तुम्ही विचाराल. नंतर मी मुंबईच्या माणसाला बोलावून ते पूर्ण खोलायला लावलं. आत एक स्प्रिंग आणि एक सेन्सर. तो म्हणाला, "पाय वर ढकलेल असं यात काही नाहीच. वायर तेवढी इंजिनाकडे जाते." डॉक्टरला, म्हणजे खऱ्या डॉक्टरला, पाय दाखवला. नसा ठीक. एक शिकलेले मित्र म्हणाले, मनातल्या अपराधाचा खेळ. असेल. पण गाडी मऊ चालतेय हे वहिनींच्याही लक्षात आलं होतं, आणि त्यांनी कसलाच अपराध केला नव्हता. आणि सिन्नरला जे पाहिलं ते तर कशातच बसत नाही.

सिन्नरला सुदाम घरीच होता. खाटेवर बसलेला, उजवा पाय उशीवर, त्यावर हळदीचा लेप.

"काय झालं रे?"

"काय कळंना, शेठ. काल सकाळी स्टँडवर जीप लावून पाशिंजरची वाट बघत होतो. अकराच्या आसपास एकदम कळ आली. कोणी बूट घालून पायावर हुभं राहिल्यावानी. जरा उतरायची, परत चढायची. तासाभरानं थांबली. बघा ना, किती सुजलाय."

मी पाहिलं. आणि माझे दोन्ही पाय बुटांसकट खुर्चीखाली ओढून घेतले.

मग कबुली दिली. गडावर दिली होती त्यापेक्षा जास्त अडखळत. पेडलचंही सांगितलं. राजाभाऊचा निरोप सांगितला – कामावर परत ये, मागचे पगारही देतो. सुदामने स्वतःच्या सुजलेल्या पायाकडे पाहिलं.

"भाऊंना तुम्ही सोताच्या तोंडानं सांगितलं?"

"हो."

"मंग दिंडोरीतबी सांगा. चौकात. मग मी बघतो यायचं का नाय ते."

"सांगतो," मी म्हटलं. पुढे सांगितलंही, चौकातल्या हॉटेलात, भर बाजारच्या दिवशी. लोक अजून हसतात. तो कामावर आला, पण मला पुन्हा कधी शेठ म्हणाला नाही.

त्याची बायको इतका वेळ दाराशी उभी राहून ऐकत होती. हातातला चहाचा कप तिने माझ्यापुढे ठेवला. ठेवला म्हणजे, आपटलाच.

"म्हंजी भ्या वाटलं म्हणून आलात तुम्ही," ती म्हणाली. "लाज वाटली असती, तर सहा महिने लागले नसते."