न सोडलेली पुडी

दाजी मिस्त्री गेल्याचं मला सिमरोलच्या चहावाल्याने सांगितलं. "वो तुम्हारे मिस्त्रीजी..." एवढं बोलून त्याने घाटाकडे हात केला. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा सगळं संपलं होतं. घरचं कोणी अजून आलं नव्हतं, म्हणून त्यांच्या खिशातल्या वस्तू माझ्याच हातात दिल्या गेल्या. चष्मा, सुतळीचा गुंडा आणि भाजलेल्या शेंगांची पुडी. पुडीचा दोरा तसाच बांधलेला होता. त्या दोऱ्यापाशीच माझं मन अजून अडकून आहे.

छप्पन साली मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला गेली त्याच सुमारास मी इंदूरला आलो. शाळा सातवीत सुटलेली, गाव तिकडे रत्नागिरीकडे, येत होतं ते फक्त गाडी चालवणं. रस्ते खात्याच्या साहेबांनी पाहणीसाठी लढाईच्या वेळची जुनी जीप माझ्या हाती दिली होती. स्टेअरिंग चांगलं हातभर फिरवावं तेव्हा कुठे चाकं हलायची, आणि खड्डा लागला की पुढची दोन्ही थडथडायची. ही गाडी घेऊन सिमरोलच्या पुढचा घाट उतरायचा. मला जेवण जात नसे. नोकरी सोडून परत जावं, तर घरी माझ्याच पैशांवर चूल... कोणीतरी अन्नपूर्णेच्या मंदिरामागची दाजींची गाडीदुरुस्तीची शेड दाखवली.

"स्टेअरिंगचा बॉक्स कसून द्या," मी म्हणालो, कारण सगळे तेच सांगत होते. दाजी गाडीखालूनच बोलले, "कसतो की. हाताला मस्त घट्ट लागेल. मग वळणावर अडकलं की तिथनं मला आवाज दे." मग त्यांनी माझं बोट रेडिएटरच्या खालच्या एका पिनेवर टेकवलं आणि चाक हलवलं. पिन बोटाखाली चक्क नाचत होती. "ढिली ही आहे, भिया. बॉक्सला काय को मारतो?" नवी पिन बसली. मग मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सुतळी ताणून त्यांनी पुढची चाकं समोरून किंचित जवळ आणली.

मी निघालो, तर दाजी टोपी घालून शेजारी येऊन बसले. त्यांचे आजोबा होळकरांच्या रिसाल्यात नालबंद होते. ज्याने नाल ठोकली त्यानेच घोड्यावर पहिली फेरी मारायची, असा घरचा रिवाज. घोडे गेले, पण दाजींनी तो रिवाज चाकांना लावला. स्टेअरिंगचं काम केलेली गाडी घाट उतरेपर्यंत ते शेजारी बसत. पहिली दोन वळणं नुसते बघायचे. गाडी ठीक वाटली की पुडीचा दोरा सोडायचे आणि शेंगा फोडायला लागायचे. माझी नजर रस्त्यावर, पण डोळ्याच्या कोपऱ्यात त्यांचे हात. ते हात चालू आहेत तोवर आपण जिवंत आहोत, असं मला वाटे. "इतकं दाबून धरू नको रे, उखडून घरी नेशील," ते म्हणत. घाटाच्या प्रत्येक फेरीआधी मी गाडी त्यांना दाखवायचो, आणि पुढे पुढे मला जेवण जाऊ लागलं.

ते गेले त्या दिवशी एका ठेकेदाराची जीप आली होती. पिन काढलेली, नवी लेथवरून यायची होती. ठेकेदाराला घाई. त्याने जुनीच पिन बसवायला लावली आणि दुसरीकडून बॉक्स कसून आणला. दाजींनी नाही म्हणून पाहिलं. मग तेच गाडीत बसले. वाचलेल्या ड्रायव्हरने मला सांगितलं, "बोले, मैं बैठूँगा तो तू धीरे चलाएगा।" तो हळूच चालवत होता. वळणावर स्टेअरिंग अडकलं ते परत आलंच नाही.

मी वस्तू घेऊन दाजींच्या घरी काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा घेतला नाही, आधी पुडी हातात घेतली. दोऱ्यावरून अंगठा फिरवला.

"सोडली नव्हती?"

"नाही, काकू."

"म्हणजे ह्यांना ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. मग मलाच विचारलं, "तुम्ही आता घाट कसा उतरणार?"

 साहेबांना दोनदा काहीतरी सबब सांगितली. तिसऱ्यांदा जमलं नाही. परवा सकाळी सुतळी ताणून चाकं बघितली, पिनेवर बोट टेकवलं, आणि एकटाच उतरलो. खाली पोचल्यावर गाडी बंद करून नुसता बसून राहिलो.  शेजारच्या सीटच्या फटीत टरफलं अजून आहेत. गाडी रोज धुतो, पण तेवढी जागा झाडत नाही.