भाजलेली मसूर

अक्का, दिवाळीनंतर मी निघाले तेव्हा तू अमळनेरला सासरी होतीस, म्हणून हे लिहिते. शिंदखेडा स्टेशनवर गाडी सुटता सुटता मायने खिडकीतून पोटली हातात कोंबली. “बठ्ठी दिन्ही तुले. आते घरमा एक दाना नही,” म्हणाली. सगळी मलाच दिली म्हणून मी हसून हात हलवला.

आपली ती बारीक मसूर आठवते ना? माय बांधालगतच्या पट्ट्यात पेरायची. तिचे गुडघे गेले आणि तिथे कपाशी आली. “घरची मसूर दे” एवढंच मी मागितलं होतं. कशाला हवी, ते समजावून सांगायचा मला कंटाळा आला. शिकलेल्या लेकीचा माज, दुसरं काय!

इथे कानपूरला मी मसुरीच्या कोवळ्या मुळांची टोकं रंगवून काचेवर दाबते आणि त्यातली गुणसूत्रं बघते. कुठलीही मसूर घे, ती चौदाच. पण वाणागणिक त्यांची लांबी, ठेवण बदलते. एखाद्या वाणात तर एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडलेला असतो. न बघता असे वाण एकत्र आणले, तर संकराच्या रोपाला फुलं येतात, पण शेंगा नीट भरत नाहीत. तुझ्या लग्नाआधी आबांनी पत्रिका बघितली, तसंच आमचं. आपली मसूर कमी पाण्यावर तगते. तो गुण मला नव्या वाणात आणायचा होता.

थोडी भिजवली. चार दिवस झाले तरी मोड नाही. पुन्हा भिजवली, तेच. “दीदी, बीज मरा हुआ है,” शेजारच्या टेबलावरची सहकारी म्हणाली. मी मायला फोन लावला.

“भाजीसन दिन्ही शे ना! मांगे तुन्ही मसूरले हॉस्टेलमा कीड लागनी व्हती. आते लागाव नही.” भाजून दिली म्हणून केवढी खूश होती गं ती! मग विचारलं, “चव तीच शे ना?”

मी हो म्हणाले. खोटं नको म्हणून त्याच संध्याकाळी क्वार्टरवर उरलेली सगळी शिजवली आणि एकटीच जेवले. चव तीच होती. रडू आलं, तरी ताट पुसून खाल्लं.

तिला हे कधी सांगू नकोस. इतकी वर्षं वाटायचं, घराचं बी माझ्याकडे आहे, कुठेही पेरीन. आता कळतं, माय फोन उचलते तोवरच मला घर आहे.