रविवारच्या पुड्या

आमच्या कमलबाई पंच्याहत्तर वर्षांच्या झाल्या. त्यांच्या बाकीच्या कामाविषयी या गौरवग्रंथात जाणती मंडळी लिहितीलच. मी मात्र केसांविषयी लिहिणार आहे. हसू नका. बाईंनी आम्हा मुलींना आधी केसांवरूनच ओळखले.

पिशोरहून अकरावीसाठी मी या शहरात आले, तेव्हा बाई मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टर होत्या. माझी पेटी दारात टेकते न टेकते, तोच त्यांनी माझी वेणी हातात घेऊन विचारले, "सकाळी काय खाऊन निघालीस?"

"च्या घेतला."

"त्यो खाण्यात धरत नाय," बाई म्हणाल्या. नाव त्यांनी त्यानंतर विचारले.

वसतिगृहात बाईंनी पाडलेला एक रिवाज होता. आठवडाभर विंचरताना निघालेली गुंतवळ प्रत्येकीने कागदाच्या पुडीत बांधायची, वर नाव लिहायचे आणि रविवारी न्हाण्याआधी बाईंपुढे ठेवायची. बाई एकेक पुडी उघडून बघत, कोमट खोबरेल स्वतःच्या हाताने डोक्याला लावत आणि चौकशी करत ती ताटाची. आम्ही सगळा दोष नळाच्या पाण्यावर ढकलत असू. आठ-आठ दिवसांनी येणारे ते पाणी तसेही शहराच्या सगळ्या दुखण्यांचे धनी होते. बाई म्हणत, "पाणी तर सगळ्यांला एकच हाय. मग हिची पुडी हलकी कशी?"

खोटी आशा त्यांनी कोणाला लावली नाही. एकीने गुडघ्यापर्यंत केस हवेत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "तुझ्या आईची येणी बघितली म्या. तुझी दोरखंडावाणी कशी व्हईल? हायेत ते नीट राख." जमलेली गुंतवळ केसांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या फेरीवालीला जाई आणि स्वयंपाकघरात स्टीलच्या वाट्या येत. त्याच वाट्यांतून आम्हाला जवसाची चटणी मिळे.

आता माझी चूक सांगते. वडिलांनी मला एका अटीवर पाठवले होते: तब्येत बिघडली, की शिक्षण बंद आणि सामानासकट घरी. कॉलेज सकाळचे, स्वयंपाक व्हायच्या आधीच मी निघे आणि दिवस चहा-खारीवर काढी. दिवाळीनंतर माझी पुडी फुगू लागली. बाई घरी पत्र लिहितील या धास्तीने मी खोलीतल्या शबानाला गळ घातली. ती खुलताबादची, आणि तिची पुडी चिमूटभर. तिच्या पुडीवर माझे नाव, माझ्या पुडीवर तिचे, असे तीन रविवार चालले. शबानाच्या ताटात पालेभाजी दुप्पट झाली. "तेरे बालां के वास्ते मैं कब तक भाजी खाऊं?" ती कुरकुरायची, पण खायची.

चौथ्या रविवारी बाईंनी दोन्ही पुड्यांतला एकेक केस उचलून उजेडात धरला. शबानाचे केस कुरळे, माझे सुतासारखे सरळ. आम्ही दोघी विज्ञान शाखेच्या, तरी हे आमच्या ध्यानात आले नव्हते. मग दोन्ही पुड्या पुन्हा बांधून ठेवल्या. संध्याकाळी मला एकटीला खोलीत बोलावून म्हणाल्या, "पुडी लपवून केस थांबत नाय, पोरी. भ्या कशाचं वाटतंय, ते सांग."

मी रडत रडत सगळे सांगितले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दवाखान्यात नेले. रक्त कमी निघाले, गोळ्या सुरू झाल्या. त्या आठवड्यापासून स्वयंपाकघरातली चूल पहाटे लवकर पेटू लागली, कारण उपाशी निघणारी मी एकटी नव्हते. जेवताना बाई मला शेजारी बसवत: बाजरीची भाकरी, डाळ, मेथी, वर लिंबू, चहा लांब. दोन महिने पुडी तशीच राहिली. मी खचले. बाई म्हणाल्या, "केस उशिरा ऐकतेत. तू जेवत ऱ्हा." चौथ्या महिन्यात पुडी हलकी झाली आणि मगच बाईंनी वडिलांना पत्र लिहिले: मुलगी जेवते आहे, शिकू द्या. त्या पत्रामुळे मी शिकले. आज त्याच वसतिगृहाची रेक्टर आहे.

गेल्या वर्षी एकट्या राहणाऱ्या बाईंचे ऑपरेशन झाले. तेव्हापासून दर रविवारी मी त्यांचे केस विंचरायला जाते. फणीला केस फारसे येत नसत, म्हणून मी समाधानात होते. एकदा चादर बदलताना उशीखाली कागदाची पुडी सापडली. आत पांढऱ्या केसांचा मोठा गुंता होता. मी यायच्या आधीच बाई स्वतः विंचरून घेत होत्या. स्वयंपाकघरात जाऊन पाहिले, तर पातेल्यात नुसता चहा.

"तू शबानाला सांगशील, अन् दोघी मिळून मला ह्या घरातून उचलून न्याल," बाई खाली मान घालून म्हणाल्या.

"पुडी लपवून केस थांबत नाय, बाई," मी म्हटले. "तुम्हाला कुठं न्यायचं नाय. ताट वाढते."

तेव्हापासून एक दिवस शबाना, एक दिवस मी डबा पोचवतो. चटणी त्याच वाट्यांतल्या एका वाटीतून जाते. बाई कुरकुरतात, पण जेवतात. पुडी अजून हलकी झालेली नाही. केस उशिरा ऐकतात, हे आम्हाला ठाऊक आहे. बाईंना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो आणि आमच्या हातची भाजी खाऊन कंटाळण्याइतके रविवार त्यांच्या वाट्याला येवोत. पुडी मात्र आता उघड्यावर ठेवावी, एवढीच विनंती.