बाबांचा रशियन दोस्त आणि माझं क्लिअरन्स

माझ्या वडिलांचा पत्रिकांचा नाद मला कधीच आवडला नाही. माझं लग्न मी पत्रिका न जुळवता केलं. त्यावर ते वर्षभर फुगून बसले होते आणि मी वर्षभर त्यांची समजूत काढली नव्हती. त्यामुळे वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लंडनमधल्या एका बिनखिडकीच्या खोलीत, एका गोऱ्या साहेबाला कुंडली म्हणजे काय हे समजावून सांगायची पाळी माझ्यावर आली तेव्हा मी मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

त्याचं असं झालं. उत्तर समुद्राच्या तळाशी इंटरनेटच्या आणि विजेच्या केबली टाकलेल्या आहेत. त्यांच्या आसपास रशियन जहाजं येऊन रेंगाळतात, आपण कुठे आहोत हे सांगणारं यंत्र बंद करून टाकतात आणि दोन दिवसांनी भलतीकडेच उगवतात. असं जहाज बाकीच्या गर्दीतून हुडकून काढणारं सॉफ्टवेअर आमची कंपनी सरकारसाठी लिहीत होती. त्याचा पहिला नमुना माझ्या हातचा. दोन वर्षं मी त्यावर घालवली होती. आता खरा, गोपनीय डेटा मिळणार होता आणि टीमची प्रमुख मी होणार होते. अट एकच होती, सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारी छाननीतून पार पडणं. मला ते काम मनापासून हवं होतं. शेजाऱ्याच्या देशात रणगाडे घालणाऱ्यांबद्दल मला तेव्हाही प्रेम नव्हतं, आजही नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून लोकांना उगाच शंका येतात.

क्लिअरन्सच्या फॉर्ममध्ये घरातल्या माणसांचे परदेशी लोकांशी असलेले संबंध लिहायचे होते. बाबा दर उन्हाळ्यात आमच्याकडे, लंडनच्या टोकाला स्टॅनमोरला, येऊन राहतात, म्हणून त्यांचेही. मी सरळ लिहिलं: वडिलांचे एक रशियन मित्र, निवृत्त इंजिनिअर, दर रविवारी सकाळी अकरा वाजता व्हिडिओ कॉल.

हे मित्र म्हणजे माझे मानलेले काका. नाशिकजवळच्या विमानांच्या कारखान्यात बाबा नोकरीला होते आणि मी शाळेत असताना तिथे सोव्हिएत इंजिनिअर येऊन राहायचे. हे काका तीन वर्षं होते. दर रविवारी आमच्याकडे जेवायला यायचे. मराठी शब्द त्यांना दोनच यायचे, 'अजून' आणि 'बास', आणि दुसरा ते क्वचितच वापरायचे. बाबा त्यांच्याकडून रशियन शिकले. ते परत गेले, त्यांचा तो देशही नकाशावरून गेला, पण या दोघांचं काही तुटलं नाही. आधी पत्रं, मग फोन, मग स्काइप.

फॉर्म वाचून मला मुलाखतीला बोलावणारा साहेब सभ्य होता. घरून थर्मासमध्ये चहा घेऊन आला होता. त्याने विचारलं, "तुमचे वडील आणि हे गृहस्थ, ते साधारण काय बोलतात?"

"गुडघेदुखी," मी म्हटलं. "टोमॅटो. आणि पत्रिका."

"पत्रिका म्हणजे?"

मी सांगितलं. काकांच्या घरात मूल जन्मलं की बाबा त्याची कुंडली मांडतात. त्यासाठी जन्मवेळ लागते आणि जन्मस्थळाचे अक्षांश-रेखांश लागतात.

साहेबाचं पेन थांबलं. "अक्षांश-रेखांश कशाचे?"

"प्रसूतिगृहाचे."

"कुठल्या गावातल्या?"

मी गावाचं नाव सांगितलं आणि सांगतानाच माझ्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो. काकांचं गाव विमानांच्या कारखान्याचं. सोव्हिएत काळात ते नकाशात दाखवतही नसत. अशा गावाचे अक्षांश-रेखांश, अंश-कला-विकलांसकट, माझ्या वडिलांच्या लाल वहीत लिहिलेले होते आणि हे मीच क्लिअरन्सच्या चौकशीला बसलेल्या माणसाला हसत हसत सांगितलं होतं.

मग त्याने मला कुंडली काढून दाखवायला सांगितली. मी चौकोन काढला, तिरप्या रेघा मारल्या, बारा घरं केली, आकडे आणि ग्रहांची अक्षरं भरली. तो वाकून बघत होता. एका घरातल्या अक्षरावर बोट ठेवून त्याने विचारलं, "हा कोण?"

"शनि."

"त्याचं काम काय?"

"त्रास देणं," मी म्हटलं. त्याने तेही लिहून घेतलं.

पाऊण तास मी त्या शास्त्राची वकिली केली, ज्याला मी जन्मभर थोतांड म्हणत आले आहे. शेवटी साहेब शब्द साखरेत घोळून म्हणाला, की तुमच्या प्रामाणिकपणाचं कौतुक आहे, निर्णय काही माझ्या हातात नाही, पण असा संपर्क चालू असेल तर अवघड जातं. तो थांबला असेल तर पुढच्या शुक्रवारपर्यंत तसं लेखी कळवा.

माझा मॅनेजर मूळचा पुण्याचा, राहतो एजवेअरला. आम्ही एकाच वयाचे, अरे-तुरेतले. मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, व्हॉट्स द बिग डील? बाबांना सांग, सहा महिने कॉल नको. क्लिअरन्स आलं की मग बघू. तू काही लाय करत नाहीयेस."

"आणि क्लिअरन्स आल्यावर परत सुरू केले तर?"

"तेव्हाचं तेव्हा. टू इयर्स ऑफ युअर लाइफ, यार. एका म्हाताऱ्याच्या गप्पांसाठी घालवणार आहेस का?"

मला राग आला, पण खरं सांगायचं तर त्याच्यावर कमी आणि माझ्यावर जास्त. कारण मी मनात तेच ठरवून त्याच्याकडे गेले होते. कोणीतरी मोठ्याने म्हणावं एवढीच वाट बघत होते.

शनिवारी मी बाबांना सांगितलं. ते बागेत बसून मटार सोलत होते. मला वाटलं होतं चिडतील, निदान फुगून तरी बसतील. ते म्हणाले, "बरं. तुझ्या नोकरीपुढे आमच्या गप्पांचं काय एवढं? उद्याचा एक कॉल करू दे, म्हणजे त्याला नीट सांगता येईल." आणि पुन्हा मटार सोलायला लागले.

त्यांनी भांडण केलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

मग हसत म्हणाले, "मलाही विचारायचे, तुला माहीत नसेल. पाहुणा घरी आला की दर सोमवारी कारखान्यात लिहून द्यावं लागायचं, काय बोलला, काय विचारलं. त्यालाही त्याच्या लोकांना द्यावं लागायचं, माझ्याबद्दल. मग आम्ही काय करायचो, जेवण झालं की ओट्यावर बसून दोघांनी एकत्रच लिहायचं. म्हणजे मेळ बसतो."

मला ते दोघं ओट्यावर कागद घेऊन बसलेले आठवत होते. मोठ्या माणसांनाही गृहपाठ असतो अशी माझी समजूत होती.

"काय लिहायचात?"

"पाहुण्याने चार भाकऱ्या खाल्ल्या, ठेचा मागून घेतला. खोटं काय आहे त्यात?" मग म्हणाले, "पण एक आहे. लिहून द्या म्हणाले, आम्ही दिलं. तोडा असं कोणी म्हणालं नाही."

ते तक्रारीच्या सुरात म्हणाले नव्हते. मटारांच्या शेंगा उचलून आत निघून गेले.

रविवारी अकरा वाजता मी मुद्दाम त्यांच्याशेजारी बसले. काका पडद्यावर आले ते एरवीसारखे हसले नाहीत. माझं रशियन बाराखडीच्या पुढचं नाही, पण म्हातारा माणूस रडणं आवरतो आहे हे कळायला भाषा लागत नाही. बाबा ऐकत होते. मध्येच त्यांनी माझा हात धरला. काका एकच प्रश्न दोनदा विचारत होते. बाबांनी थोडक्यात काहीतरी उत्तर दिलं आणि कॉल संपला.

"नातवाला बोलावलंय सैन्यात," बाबा म्हणाले. "ज्याची पत्रिका मी मांडली होती तो. विचारतोय, परत येईल का."

"तुम्ही काय सांगितलं?"

"गणित करायला वेळ लागेल म्हटलं. पुढच्या रविवारी सांगतो म्हटलं." मग त्यांना आठवलं आणि ते माझ्याकडे बघायला लागले. "तुझं सांगायचं राहूनच गेलं. आता त्याला मेसेज करतो मी, की नाही जमणार."

त्यांनी खरंच फोन हातात घेतला. तेव्हा माझी सटकली. बाबांवर नाही. मी त्यांच्या हातातून फोन काढून घेतला आणि म्हटलं, "काही मेसेज करायचा नाही. पुढच्या रविवारी अकरा वाजता बसायचं."

"आणि तुझी नोकरी?"

"नोकरी माझी आहे ना? मी बघते."

सोमवारी सकाळी मी साहेबाला मेल लिहिली. संपर्क थांबलेला नाही आणि मी तो थांबवणार नाही. दर रविवारी अकरा वाजता कॉल होतो. त्यात काय बोलणं होतं हे तुम्हाला दर आठवड्याला लिहून हवं असेल तर मी देईन, अगदी भाज्यांच्या नावांसकट, काही लपवायचं नाही. ज्या जहाजांच्या मागावर मी दोन वर्षं आहे त्यांच्या कप्तानांशी माझं काही नातं नाही, पण या माणसाने मला सायकल शिकवली आहे. त्याच्या नातवाला ज्यांनी युद्धावर पाठवलं त्यांच्याविरुद्ध मला काम करू द्यायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. माझ्या वडिलांनी कोणाशी बोलायचं, हे तुमच्याकडे नाही.

मॅनेजरला तिची प्रत पाठवली. तो जिन्यात गाठून म्हणाला, "ही मेल तू सेंड केलीस? ड्राफ्ट नाहीये?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, "वेडी आहेस," आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा वर आला. नंतर हळू आवाजात म्हणाला, की मी असतो तर नसती पाठवली. मला माहीत होतं ते.

शुक्रवारी मला प्रोजेक्टवरून काढलं. शब्द अर्थातच वेगळे होते, फार सुंदर होते. माझा कोड मला उघडेनासा झाला. मी ज्याला काम शिकवलं होतं त्याच्याकडे टीम गेली. मला दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट लावणाऱ्या सॉफ्टवेअरवर बसवलं. वाईट वाटलं नाही असं म्हणून मी नाकाने कांदे सोलणार नाही. भरपूर वाटलं. जुबिली लाइनच्या मेट्रोत स्टॅनमोरपर्यंत मी खिडकीकडे तोंड करून रडले आणि समोरच्या बाईने मला टिश्यू दिला. पण मेल परत लिहायची वेळ आली असती तर एक शब्द बदलला नसता. फार तर शेवटचं वाक्य आणखी कडक केलं असतं.

घरी बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी उठून माझं ताट वाढलं.

रविवारी सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले होते. अकराला काका आले. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला असावा. बाबांनी या वेळी जराही न थांबता उत्तर दिलं, मोठ्याने, ठाम, आणि तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणाले. काकांनी चष्मा काढला आणि तोंडावरून हात फिरवला. कितीतरी वेळ ते मान हलवत होते.

कॉल संपल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंत?"

"परत येईल म्हटलं. धडधाकट येईल."

"पत्रिकेत तसं निघालं?"

"पत्रिका उघडलीच नाही मी," बाबा म्हणाले. "पुढच्या रविवारी तो पुन्हा विचारेल आणि मी पुन्हा हेच सांगणार आहे. तुझ्या साहेबाला हवं तर लिहून कळव."